मीठ, झोप आणि वीणेचा पहारा

माझ्या थोरल्या भावाच्या औषधाचं नाव लिथियम कार्बोनेट. रसायनशास्त्राच्या हिशेबाने हा एक क्षार, म्हणजे मिठाच्याच जातीतला. त्यामुळे आपली मूत्रपिंडं त्याला जवळजवळ मिठासारखंच वागवतात. जेवणातलं मीठ एकदम कमी झालं किंवा उन्हातान्हात घाम जाऊन अंगातलं पाणी आटलं, की मूत्रपिंडं सोडियम धरून ठेवायला लागतात आणि सोडियमबरोबर लिथियमही अंगातच अडकून राहतं. गोळ्या तेवढ्याच, वेळा त्याच, पण रक्तातली पातळी वर चढलेली. ही पातळी लिटरमागे साधारण ०.६ ते १.० मिलीइक्विव्हॅलंट असावी लागते. १.५ च्या पुढे गेली की उलट्या, जुलाब, हातांची जोरदार थरथर, चालताना झोक जाणं. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा इतकी शेजारी शेजारी असलेली औषधं फार नसतील.

आमचं घर कऱ्हाड तालुक्यात. ऊस, उपवास आणि एप्रिल-मेचं ऊन या तिन्ही गोष्टी तिथे चुकत नाहीत. म्हणून दादाच्या मनावरचा उपचार दवाखान्याइतकाच आमच्या स्वयंपाकघरात आणि उसाच्या बांधावरही चालू असतो. दादाला बायपोलर आहे. कधी मन वर उसळतं, झोप उडते, पैसा-वेळ-माणसं कशाचंच भान राहत नाही, तो उन्माद. कधी तेच मन इतकं खाली जातं की अंथरुणातून उठून तोंड धुणंही होत नाही. मधल्या लांब काळात तो अगदी आपल्यासारखा असतो: शेती बघतो, पोरांची फी भरतो, संध्याकाळी देवळात पखवाज वाजवतो.

हल्ली मनाच्या आजारांवर 'समग्र उपचार' करून देणाऱ्यांच्या पाट्या तालुक्याच्या गावापर्यंत आल्या आहेत. मोबाइलवर तर रोज एक नवा चेहरा सांगत असतो, सात दिवसांचं शिबिर करा, आहार बदला, श्वास बदला. यातल्या बऱ्याच जाहिरातींची सुरुवात गोळ्या बंद करण्यापासून होते. माझा राग तिथे आहे. आहार, श्वास, झोप, माणसं यांचं महत्त्व मला कुणी पटवून द्यायला नको, ते मी आमच्या घरात रोज बघते. पण लिथियम एकदम बंद केलं तर पुढच्या काही महिन्यांत उन्माद उसळून येण्याचा धोका मोठा असतो आणि आत्महत्येचा धोका कमी करण्याबाबत या औषधाइतका पुरावा फार थोड्या औषधांपाशी आहे. ज्याला माणूस अख्खा बघायचा आहे, त्याने त्याच्या रक्तातली पातळीसुद्धा बघितली पाहिजे. माणसाचा एक भाग वगळून बाकीच्यावर केलेल्या उपचाराला समग्र कसं म्हणायचं?

या औषधाचा इतिहासही तेच सांगतो. १९४९ साली जॉन केड या ऑस्ट्रेलियातल्या मानसोपचारतज्ज्ञाने उन्मादाच्या १० रुग्णांना लिथियम दिल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यातला पहिला रुग्ण पन्नाशीतला होता आणि वर्षानुवर्षं सतत उन्मादाच्या अवस्थेत होता. औषध सुरू झाल्यावर तो शांत झाला, काही महिन्यांत घरी गेला, जुन्या कामावर रुजूही झाला. मग गोळ्या घेण्यात ढिलाई आली, पुढे त्या बंदच झाल्या आणि तो पुन्हा रुग्णालयात आला. १९५० साली तो वारला तो लिथियमच्याच विषबाधेने. रक्तातली पातळी मोजून मात्रा ठरवण्याची पद्धत तेव्हा रुळलेलीच नव्हती. मला त्या माणसाची गोष्ट नेहमी आठवते. औषध सापडलं होतं, पण औषधाभोवती जे घर लागतं ते अजून उभं राहिलं नव्हतं.

ते घर कसं उभं करतात, हे आम्हाला दादाच्या डॉक्टरांनी शिकवलं. ते फार बोलत नाहीत. पण त्यांचे प्रश्न आजारापाशी थांबत नाहीत. घरात पहिला चहा किती वाजता होतो, उसाला पाणी द्यायची पाळी रात्रीची येते की दिवसाची, देवळात कधी जातो, दुकानातून मीठ कुठलं आणता, इथपर्यंत ते विचारत गेले. रात्रीच्या पाळीवर तर ते अडूनच बसले. आमच्या भागात शेतीची वीज आठवड्याआड रात्रीची असते आणि शेतकऱ्याला मध्यरात्री मोटार चालू करायला जावंच लागतं. बायपोलरच्या माणसासाठी सलग दोन-तीन रात्री झोप मोडणं म्हणजे उन्मादाला दार उघडून देणं. आता रात्रीचं पाणी चुलतभाऊ बघतो आणि त्याच्या बदल्यात दादा दिवसा त्याच्या शेताचं पाणी बघतो. ही वाटणी कुठल्याही औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलेली नाही, पण माझ्या मते ती औषधाइतकीच महत्त्वाची आहे.

झोपेचं हे प्रकरण नुसतं अनुभवाचं नाही. अमेरिकेत पिट्सबर्ग इथे एलन फ्रँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायपोलरसाठी एक उपचारपद्धती बसवली. औषधं चालूच ठेवायची आणि सोबत दिवसाचा ताल सांभाळायचा. त्यांनी रोजच्या फक्त पाच वेळा टिपायला सांगितल्या: अंथरुणातून उठलो कधी, पहिल्यांदा कुणाशी बोललो कधी, कामाला लागलो कधी, रात्री जेवलो कधी आणि झोपायला गेलो कधी. २००५ साली त्यांनी १७५ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. आजाराच्या तीव्र अवस्थेत ज्यांना ही पद्धत शिकवली, ते पुढे जास्त काळ बरे राहिले आणि ज्यांच्या दिवसाचा ताल अधिक नेमका झाला त्यांना फायदाही अधिक झाला.

आमच्या घरी या पाच वेळांचा तक्ता कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवलेला आहे. दादा पेन्सिलने लिहितो. सुरुवातीला त्याला ते शाळकरी वाटायचं. आता तो स्वतःच बोट ठेवून दाखवतो, "हे बघ, मंगळवारपासून उठायची वेळ मागं सरकत चाललीय." साडेपाच, पाच, साडेचार. हे आकडे दिसले की त्या दिवशीच डॉक्टरांना फोन जातो. पेन्सिलच्या त्या ओळींमध्ये येणारा उन्माद आधी दिसतो, माणसाच्या वागण्यात नंतर.

पण आपल्याकडचं वर्ष काही घड्याळाप्रमाणे चालत नाही. आपल्या आनंदाच्या बहुतेक जागा रात्रीच्या असतात. गोंधळ रात्रीचा, कोजागरी रात्रीची, गणपतीपुढचं भजन मध्यरात्र ओलांडतं आणि लग्नघरात कुणी झोपतच नाही. पिट्सबर्गच्या तक्त्यात अखंड हरिनाम सप्ताहाचा रकाना नाही.

आमच्या गावचा सप्ताह दादाच्या जिवाचा. सात दिवस देवळात वीणा खाली टेकायची नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, दिवसरात्र. पहाऱ्यांची यादी सभामंडपातल्या फळ्यावर खडूने लिहिलेली असते. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी प्रवचन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि कीर्तनानंतर जागर. रात्रीच्या कीर्तनाला पखवाजावर बसणं हा मान. दादा तरुणपणापासून तो मान सांभाळत आलेला. आजाराचं निदान झाल्यावर पहिला प्रश्न हाच उभा राहिला की सप्ताहाचं काय करायचं. दादाने सप्ताहाला जाणं पूर्ण बंद करावं असं सुचवणारेही होते. डॉक्टरांनी ते ऐकलं आणि म्हणाले, "माणसं, भजन, हरिपाठ हे सगळं त्याला हवंच आहे. नको आहे ती फक्त रात्र."

मग वहिनी आणि मी मंडळाच्या अण्णांकडे गेलो. अण्णा सत्तरीचे, कडक. आजाराचं नाव त्यांना सांगून उपयोग नव्हता, म्हणून वहिनींनी सरळ सांगितलं, "रात्र जागली की त्यांचं डोकं तापतं आणि मग पुढचे दोन महिने घर हलतं. रात्र सोडून काय द्यायचं ते द्या." अण्णा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, "त्याला कमीपणा वाटंल त्याचं काय?" मला त्या प्रश्नाचं अजून अप्रूप वाटतं. मोठमोठ्या चर्चांमध्ये जो मुद्दा सुटतो तो त्यांनी पहिल्यांदा धरला. औषधामुळे, पथ्यामुळे माणसाच्या हातून जे जातं, त्याची भरपाई कुठून करायची?

अण्णांनीच वाट काढली. दादाला वीणेचा पहारा सकाळी दहाचा. रोजच्या हरिपाठाला पखवाज त्याचाच. आणि काल्याचं कीर्तन, जे दिवसा असतं आणि ज्याला सगळा गाव लोटतो, त्याला पखवाजावर दादा. रात्री नऊला देवळातून घरी, गोळी, झोप. फळ्यावर त्याचं नाव आता सकाळच्या रकान्यात असतं आणि तो मान अण्णांनी ठरवून दिलेला असल्यामुळे कुणी काही विचारत नाही. मानसोपचारात ज्याला सामाजिक आधार म्हणतात, तो असा खडूने लिहिलेला मी पाहिला आहे.

लिथियमने बारीक थरथर येते. पखवाजाच्या डाव्या तोंडावर ओली कणीक लावतात, तिने खर्ज धरतो. ती कणीक मळताना आणि सारखी पसरताना दादाची बोटं थरथरायची आणि कणीक एका बाजूला जाड बसायची. नाद बिघडायचा. त्याने हे कुणाला सांगितलं नव्हतं, कारण त्याला वाटायचं की मनाच्या डॉक्टरला पखवाजाचं काय सांगायचं. डॉक्टरांनी कागदावर गोल काढायला सांगितला तेव्हा ते कळलं. त्यांनी रक्ताची पातळी पुन्हा तपासली, मात्रा थोडी खाली आणली, थरथरीवर एक छोटी गोळी दिली. ही तपासणी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी करायची असते, म्हणून रात्रीची गोळी नऊला आणि रक्त सकाळी नऊला, सकाळची गोळी रक्त दिल्यावर. मूत्रपिंडं आणि थायरॉइड दर सहा महिन्यांनी तपासून घ्यायची. या साध्या गोष्टी कुणीतरी नीट समजावून सांगाव्या लागतात आणि घरात एकाला तरी त्या पाठ असाव्या लागतात. आमच्याकडे त्या पुतण्याला पाठ आहेत.

मिठाचा प्रश्न आईमुळे आला. दादाच्या आजारपणात कुणीतरी तिला सांगितलं होतं की त्याच्या हातून अळणी सोमवार करवून घ्या, उतार पडेल. आईने मनाशी बोलूनही टाकलं. डॉक्टरांनी तिला समोर बसवलं. देव खोटा, व्रत खोटं असलं काही ते बोलले नाहीत. वहीवर मूत्रपिंडाचं चित्र काढलं आणि म्हणाले, "आजी, उपास करू दे. पण मीठ सोडायचं नाही आणि पाणी सोडायचं नाही. मीठ सोडलं की हीच गोळी त्याला बाधंल." आई चित्राकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग त्याच्या वाटचं अळणी मी धरते की. देव काय ताट बघून हिशोब ठेवतो व्हय?" तिने ते सगळे सोमवार पाळले. स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या संभाळून. मला वाटतं त्या दिवशी दवाखान्यात विज्ञान आणि श्रद्धा यांच्यात कुणी हरलं नाही, आणि दादाची लिथियमची पातळीही जागेवर राहिली.

याच जोडीला दुखण्यावरच्या गोळ्यांचं सांगायला हवं, कारण ते फार लोकांना माहीत नसतं. ऊसतोडीच्या दिवसांत कंबर धरली की गावात पटकन डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेतलं जातं. या दोन्ही गोळ्या लिथियम अंगात साठवतात. दादाच्या पाकिटात एक कागद आहे, 'मी लिथियम घेतो' असं मराठीत ठळक लिहिलेला. कंबरदुखीसाठी गेला तरी तो कागद आधी टेबलावर ठेवायचा. उन्हाळ्यात शेतात जाताना पाण्याचा कॅन आणि मीठ घातलेलं ताक. जुलाब-उलट्या झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं.

योगाचं विचारणारे पुष्कळ. बंगळूरुच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत मानसिक आजारांमध्ये योगाच्या उपयोगावर बरीच वर्षं काम चालू आहे, आणि दादा सकाळी सावकाश श्वासाचा प्राणायाम आणि थोडी आसनं करतो, त्याला ते मानवतं. मात्र वेगाने श्वास घ्यायचे प्रकार डॉक्टरांनी बंद ठेवले आहेत. इगतपुरीच्या विपश्यना शिबिराला पाठवा, असंही सुचवलं गेलं. तिथे दहा दिवसांचं मौन आणि तासन्‌तास ध्यान असतं, आणि गंभीर मानसिक आजार असलेल्यांना त्यांच्या नियमावलीतच हे शिबिर न करण्याचा सल्ला दिलेला आहे. ती नियमावली माणसं वाचत नाहीत. निरोगी माणसाला शांत करणारी गोष्ट आजारी मनाला उसकवूही शकते, ही शक्यता लक्षात घेणारा शिक्षक मिळणं फार मोलाचं.

आपल्या देशात घराला उपचारात घेणं नवीन नाही. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना बोलावून आवारात तंबू ठोकून राहायला जागा दिली. आई, बायको, भाऊ रुग्णापाशी राहायचे, शुश्रूषा करायचे, आजार समजून घ्यायचे आणि रुग्णाला घेऊनच घरी जायचे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनेही कुटुंबासह राहून उपचार करण्याची रीत पुढे नेली. हे आपल्या देशात घडलं, याचा मला अभिमान वाटतो.

पण घर म्हटलं की घराचा सूरही आला. लंडनमध्ये समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन यांनी दाखवून दिलं होतं की ज्या घरात रुग्णाला सतत दोष दिला जातो, वैर दिसतं किंवा अतोनात काळजीने त्याला वेढून टाकलं जातं, तिथे आजार उलटण्याचं प्रमाण जास्त असतं. हा अभ्यास स्किझोफ्रेनियाचा, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या आजाराचा होता, पुढे बायपोलरमध्येही हेच दिसलं. वैर आमच्या घरात नाही. काळजी मात्र ओसंडून. 'गोळी घेतलीस का?' हा प्रश्न आई, वहिनी, मी, पुतण्या, प्रत्येकजण विचारायचा आणि दादाचा चेहरा उतरायचा. आता नियम असा की गोळीबद्दल एकच माणूस विचारेल, तो पुतण्या, आणि तोही एकदाच. बाकीच्यांनी दादाला उसाबद्दल विचारायचं, पखवाजाबद्दल विचारायचं.

१९९९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मँचेस्टरचा एक अभ्यास आला होता. बायपोलरच्या ६९ रुग्णांपैकी काहींना नेहमीच्या उपचारांसोबत आपल्या आजाराची आगाऊ लक्षणं ओळखायला आणि ती दिसताच मदत घ्यायला शिकवलं. इतरांमध्ये पाव भाग लोकांना १७ आठवड्यांच्या आत उन्माद उलटला, शिकवलेल्यांमध्ये तेवढ्याच लोकांना उलटायला ६५ आठवडे गेले. नैराश्यावर मात्र याचा परिणाम दिसला नाही, तेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं.

दादाने आपली लक्षणं स्वतः लिहिली आहेत. पहाटे तीनला उठून अंगण झाडणं. शाळेतल्या मित्रांना फोन. गुऱ्हाळ काढायचा बेत. वाक्य अर्धं टाकून पुढच्यावर उडी. त्याखाली काय करायचं तेही त्याच्याच अक्षरात: मोटारसायकलची किल्ली पुतण्याकडे, बँकेचं पासबुक वहिनींकडे, डॉक्टरांना फोन. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या पाचव्या कलमाने प्रत्येक प्रौढ माणसाला हा हक्क दिला आहे की आपल्यावर कसे उपचार व्हावेत आणि कसे होऊ नयेत हे त्याने आधीच लिहून ठेवावं, आणि आपला प्रतिनिधीही नेमावा. दादाचा कागद अजून कायद्याच्या रीतसर नमुन्यात नाही. तो तसा करून घ्यायचं आमच्या मनात आहे. त्यात एक ओळ त्याने आग्रहाने घातली आहे: 'मी आजारी असलो तरी माझ्यासमोर माझ्याबद्दल बोलताना मला "तो" म्हणू नका.'

वहिनींबद्दल मात्र फार काळ कुणी विचारलंच नाही. पाच वेळांचा तक्ता दादाचा होता, वहिनींची झोप कुणी टिपली नव्हती. कुटुंबीयांनीही एकत्र यायला हवं, हा विचार महाराष्ट्रात रुजवण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांचा मोठा वाटा. ते कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक होते, पत्नीच्या आजारपणातून त्यांनी हे ओळखलं आणि १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. आता ठिकठिकाणी असे गट आहेत. वहिनी महिन्यातून एका रविवारी अशाच एका गटाला जातात. सकाळच्या एसटीने निघतात आणि दिवेलागणीला परत येतात. तिथे काय बोलणं होतं ते त्या आम्हाला सांगत नाहीत आणि आम्ही विचारत नाही. त्या रविवारी स्वयंपाक दादा आणि आई करतात, मीठ पुतण्या घालतो, आणि मोबाइलवर वहिनींना फोन करायला घरात सगळ्यांना बंदी असते.